घोडा किती, माती किती?

पॅरिसच्या लाँशां रेसकोर्सवर ऑक्टोबरात ‘प्री द लार्क द ट्रियोंफ’ ही शर्यत होते. अंतर २४०० मीटर. युरोपातल्या सपाट शर्यतींमध्ये हिच्या तोडीचा मान फार थोड्या शर्यतींना आहे. २०११ साली डेनड्रीम नावाच्या जर्मन घोडीने ती २ मिनिटं २४.४९ सेकंदांत जिंकली आणि १९९७ मध्ये पँत्र सेलेब्रने केलेला २ मिनिटं २४.६ सेकंदांचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी, त्याच रेसकोर्सवर, तेवढ्याच अंतराला, सोलेमिया ही घोडी पहिली आली. तिला लागले २ मिनिटं ३७.६८ सेकंद.

दोन वेळांमध्ये तेरा सेकंदांचं अंतर आहे. तेवढ्या वेळात रेसचा घोडा सुमारे दोनशे मीटर कापतो. नुसती वेळ पाहिली तर डेनड्रीम विनिंग पोस्ट ओलांडत असताना सोलेमिया कुठेतरी मागे ठिपक्याएवढी दिसली असती, असं म्हणावं लागेल. पण सोलेमियाच्या मागे निव्वळ मानेच्या फरकाने दुसरा आला होता तो ऑर्फेव्र. आदल्या वर्षी जपानची तिहेरी मुकुटाची मालिका जिंकलेला घोडा. हे दोघं आणि त्यांच्यामागचे सगळेच दोनशे मीटरने कमअस्सल होते, असं रेसचा ओ की ठो माहीत नसलेला माणूसही म्हणणार नाही.

उत्तर सोपं आहे: पाऊस. २०१२ च्या त्या रविवारी लाँशांची हिरवळ पाणी पिऊन बसली होती. २०११ ला ती कोरडी होती. घड्याळाने दोन्ही वर्षी आपलं काम चोख केलं. मात्र त्याने दिलेल्या आकड्यात घोड्याचा वाटा किती आणि मातीचा किती, हे ते सांगत नाही. ती वाटणी आपली आपण करायची असते. ती कशी करतात, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आधी मातीकडे पाहू. रेसचा घोडा म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर. पूर्ण दौडीत त्याची एक झेप सहा-सात मीटरची असते आणि तिच्यात असा क्षण येतो की एकाच पायावर त्याच्या वजनाच्या अडीच पट भार पडतो. म्हणजे टनभराहून जास्त, आणि तोही तळहाताहून थोड्या मोठ्या खुरावर. खूर जमिनीवर टेकतो, किंचित पुढे घसरतो, रुततो आणि मग मागे रेटा देऊन उचलला जातो. माती घट्ट असेल तर हा रेटा जवळजवळ पुरता घोड्याला पुढे ढकलायला येतो. ओली असेल तर नुकसान दुहेरी होतं. खूर खोल जातो, तो उपसून काढायला ताकद लागते. आणि रेटा देताना खुरामागची माती तुटून सरकते, त्यामुळे दिलेला जोर वाया जातो. ‘चिखलात पाय रुततो’ एवढंच आपण म्हणतो, पण दुसरं नुकसानही पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे.

शेतकरी पेरणीआधी मूठभर माती दाबून वाफसा आला की नाही ते बघतो. फार ओली नाही, फार कोरडी नाही, अशी ती अवस्था. रेसवाले ज्याला ‘गुड’ म्हणतात ते मैदान साधारण त्याच्या आसपासचं. ट्रेनरला असंच मैदान हवं असतं. विक्रम मात्र बहुधा त्याहून टणक मैदानावर होतात, कारण टणक माती जोर परत देते. त्याची किंमत घोड्याचे पाय मोजतात. म्हणून रेसकोर्सवाले कोरड्या दिवसांत पाणी मारून मैदान मुद्दाम थोडं मऊ ठेवतात.

या अवस्थेला रेसच्या भाषेत ‘गोइंग’ म्हणतात. ब्रिटनमध्ये तिची उतरंड ठरलेली आहे: हार्ड, फर्म, गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी. आयर्लंडमध्ये मधे ‘यील्डिंग’ही येतं. पूर्वी हा निवाडा कोर्सचा अधिकारी काठीच्या टोकाने आणि बुटाच्या टाचेने करायचा. मैदानात चालत जायचं, काठी खुपसायची, किती जाते आणि उपसताना किती धरून ठेवते ते हाताला कळायचं. अनुभवी माणसाचा हात तसा वाईट साधन नव्हे. पण शेजारच्या रेसकोर्सवरच्या दुसऱ्या अनुभवी माणसाचा हात वेगळं सांगतो, ही अडचण होतीच.

मग यंत्रं आली. फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियात पेनेट्रोमीटर रुळला: ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून टाकायचं आणि सळई मातीत किती शिरली ते वाचायचं. आपल्याकडे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबही मुंबई-पुण्याच्या शर्यतींआधी पेनेट्रोमीटरचा आकडा जाहीर करतो. ब्रिटनने क्रॅनफिल्ड विद्यापीठाच्या मदतीने तयार झालेली ‘गोइंगस्टिक’ स्वीकारली. ती मातीत खुपसायला लागणारा जोर मोजते आणि मग तिरकी ओढायला लागणारा जोरही मोजते, म्हणजे वर सांगितलेली दोन्ही नुकसानं. जपानने २०२० पासून ‘कुशन व्हॅल्यू’ जाहीर करायला सुरुवात केली. तिथे मैदान खुराचा आघात किती परत फेकतं याकडे लक्ष असतं.

एवढी यंत्रं असताना घड्याळाच्या नादी लागायचं कशाला? एक तर यंत्राने मोजणी होते ती ठरावीक जागी आणि बहुतेक वेळा सकाळी. दुपारी ऊन तापतं, वारा सुटतो किंवा तिसऱ्या शर्यतीआधी सर येऊन जाते, आणि सकाळचा आकडा शिळा होतो. दुसरं, यंत्राने एका रेसकोर्सवर दाखवलेला सात आणि दुसऱ्यावर दाखवलेला सात सारखा नसतो. वालुकामय मातीचं आणि चिकणमातीचं वागणं वेगळं. तिसरी अडचण माणसाची आहे. मैदान फार टणक किंवा फार ओलं असल्याचं जाहीर झालं की मालक-ट्रेनर घोडे मागे घेतात, शर्यती रोडावतात. म्हणून अधिकाऱ्याला ‘गुड’ या शब्दाचं थोडं जास्त प्रेम असतं. तो खोटं बोलतो असं नाही. शंका असली की ती कोणत्या बाजूला झुकवायची हे त्याला माहीत असतं, इतकंच.

उलट दुपारभर त्याच मैदानाची दुसरी एक तपासणी चालू असते. दर अर्ध्या तासाने दहा-बारा घोडे जीव तोडून त्यावरून जातात. त्यांचे चाळीस-अठ्ठेचाळीस खूर मैदानाचा इंच न इंच चाचपतात आणि त्याचा निकाल घड्याळात उमटतो. फक्त तो निकाल वाचता यायला हवा.

वाचायची सुरुवात होते ती ‘स्टँडर्ड टाइम’पासून. एखाद्या रेसकोर्सवर, एखाद्या अंतराला, चांगल्या मैदानावर, चांगल्या प्रतीचा प्रौढ घोडा किती वेळ घेईल, याचा तो ठोकताळा. अनेक वर्षांच्या वेळा गोळा करून, त्यातले विचित्र दिवस वगळून तो काढतात. तो विक्रम नव्हे. विक्रम हा एका दिवसाचा योगायोग असतो आणि त्याच्यावर हिशेब उभा केला की सगळं मैदान कायमचं ‘हेवी’ दिसू लागतं. वृत्तपत्रात छापलेला विक्रम हाताशी असल्यामुळे नवखे पंटर नेमकी हीच चूक करतात.

आता पावसाळ्यातली पुण्याची एक दुपार घेऊ. पुण्याचा हंगाम जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास असतो, तर मुंबईचा पावसाळा संपल्यावर, साधारण नोव्हेंबरपासून. म्हणून महालक्ष्मीचं मैदान बरंचसं पाणी मारणाऱ्यांच्या हातात असतं आणि पुण्याचं ढगांच्या. पुढचे आकडे मी समजावण्यापुरते रचले आहेत, कोणत्याही खऱ्या दिवसाचे नाहीत.

पहिली शर्यत १२०० मीटर, खालच्या वर्गातल्या घोड्यांची. स्टँडर्ड टाइम १ मिनिट १० सेकंद धरू. विजेत्याला लागले १ मिनिट १३.६. म्हणजे ३.६ सेकंद जास्त. पण हे खालच्या वर्गातले घोडे. चांगल्या मैदानावरसुद्धा त्यांना १.८ सेकंद जास्त लागलेच असते. ते वजा केले की उरले १.८ सेकंद. आता हे सगळ्या अंतरांना सारख्याच मापात आणायला हवं. बाराशे मीटरमध्ये दोनशे मीटरचे सहा तुकडे. म्हणजे दर तुकड्याला ०.३ सेकंद. इंग्लंडात हेच दर फर्लांगाला काढतात. फर्लांग म्हणजे २०१ मीटर आणि वर थोडंसं, त्यामुळे दोनशे मीटरचा हिशेब त्याला जवळपास तंतोतंत जुळतो.

दुसरी शर्यत १००० मीटरची. त्याच पद्धतीने वर्गाचा फरक काढून टाकल्यावर दीड सेकंद जास्त उरले. पाच तुकडे, दर तुकड्याला पुन्हा ०.३. चौथी १४०० मीटरची: उरले २.३, सात तुकडे, म्हणजे ०.३३. पाचवी २००० मीटरची: तीन सेकंद, दहा तुकडे, ०.३. चार शर्यती एकाच सुरात बोलताहेत. मैदान आज दर दोनशे मीटरला ०.३ सेकंद खातं आहे. कोणी काहीही जाहीर करो, हे ‘गुड’ नव्हे.

गंमत उरलेल्या दोन शर्यतींत आहे. तिसरी १६०० मीटरची. वर्गाचा फरक काढूनही ५.६ सेकंद जास्त, म्हणजे दर तुकड्याला ०.७. तेवढ्या अर्ध्या तासापुरतं मैदान दलदल झालं आणि चौथ्या शर्यतीला पुन्हा सुधारलं, असं होत नाही. इथे मातीवर संशय घ्यायचा नाही, जॉकींवर घ्यायचा. पुढे जायला कोणीच तयार नव्हतं. सगळ्यांनी लगाम खेचून पहिले हजार मीटर रमतगमत काढले आणि शेवटच्या सहाशे मीटरमध्ये खरी शर्यत झाली. हे पडताळता येतं: शेवटच्या सहाशे मीटरची वेळ वेगळी पाहायची. मैदान खरंच जड असेल तर शेवटही मंद असतो. वेग आधी वाया घालवला असेल तर शेवट चांगलाच झणझणीत निघतो. अशी शर्यत मैदानाच्या हिशेबातून सरळ काढून टाकायची.

सहावी पुन्हा १२०० मीटरची, वरच्या वर्गाची. स्टँडर्डपेक्षा एकच सेकंद जास्त. वर्गाचे ०.६ वजा केले की उरले ०.४, दर तुकड्याला ०.०७. मैदान अचानक सुकलं का? संध्याकाळी, ढगाळ हवेत, पाच शर्यतींनी उखडलेल्या हिरवळीवर? नाही. मग घोडाच त्या वर्गात मावत नाही. मैदानाच्या हिशेबाने त्याने आणखी १.४ सेकंद घ्यायला हवे होते. ते त्याने घेतले नाहीत. सात-आठ लेंथचा, म्हणजे तेवढ्या घोड्यांच्या लांबीचा, माल आहे. निकालाच्या पानावर कदाचित तो नाकाने जिंकलेला दिसेल, कारण दुसरा घोडाही तसाच असेल. पंटर ज्याच्या शोधात असतो ते हेच. मैदानाचं माप काढण्याची सगळी यातायात शेवटी या एका ओळीसाठी.

इथे चाणाक्ष वाचक हात वर करील. घोडे वापरून मैदान मोजलं आणि मग तेच मैदान वापरून घोडे मोजले. हे वर्तुळच झालं की! बरोबर आहे. यातून सुटका एकाच गोष्टीने होते: एका शर्यतीवर कधीही विसंबायचं नाही. एका वर्गाचे घोडे साधारण कसे पळतात हे शेकडो शर्यतींतून आधीच ठरवलेलं असतं. एखाद्या दिवशी एखादा घोडा त्याहून भलता निघू शकतो, पण सगळ्या शर्यतींत एकदमच भलते घोडे निघत नाहीत. म्हणून सरासरीपेक्षा मधला आकडा जास्त विश्वासाचा. आमच्या उदाहरणात सहा आकड्यांची सरासरी काढली तर ती ०.३३ येते आणि मधला आकडा ०.३. फरक किरकोळ वाटतो, पण ती सरासरी जुळली ती योगायोगाने, दोन विरुद्ध दिशांच्या चुका एकमेकींना खाऊन गेल्या म्हणून. सहावी शर्यत रद्द झाली असती तर सरासरी ०.३९ वर गेली असती; मधला आकडा जागचा हलला नसता.

हा हिशेब धंदा म्हणून उभा करणारा माणूस फिल बुल. १९१० साली यॉर्कशरमध्ये जन्मलेला, लीड्स विद्यापीठात गणित शिकलेला, काही काळ शाळामास्तर. शर्यतींच्या वेळांचं विश्लेषण तो टोपणनावाने वर्गणीदारांना विकायचा आणि स्वतःही त्यावर पैसे लावायचा. १९४८ मध्ये त्याने सुरू केलेली ‘टाइमफॉर्म’ आजही चालते. संस्थेच्या नावातच वेळ आधी आहे. पुढे अमेरिकेत अँड्र्यू बेयरने हा विचार घरोघरी नेला. हार्वर्डमध्ये चॉसरचा पेपर सोडून बेलमाँटच्या शर्यतीला गेलेला हा मुलगा नंतर ‘वॉशिंग्टन पोस्ट’चा रेस-स्तंभलेखक झाला, १९७५ मध्ये त्याचं ‘पिकिंग विनर्स’ आलं आणि १९९२ पासून त्याचे वेगाचे आकडे ‘डेली रेसिंग फॉर्म’ मध्ये छापले जाऊ लागले.

बेयरचं काम बुलपेक्षा एका अर्थी सोपं होतं. अमेरिकेत बहुतेक शर्यती मातीच्या सपाट ट्रॅकवर होतात आणि घोडे गेट उघडल्यापासून सुसाट सुटतात, त्यामुळे बहुतेक वेळा खऱ्या असतात. युरोपच्या हिरवळीवर चढ-उतार असतात, वळणं निरनिराळी असतात, आणि जॉकींना शेवटपर्यंत थांबून राहण्याची खोड आहे. तिथे दिवसाच्या सात शर्यतींमध्ये मैदानाबद्दल काही खरं सांगणाऱ्या तीनच निघाल्या, असं सर्रास होतं. आपलं या बाबतीत युरोपशी जास्त जमतं.

म्हणून वेळेचा पुरावा एकतर्फी असतो. चांगली वेळ खोटी असू शकत नाही: मैदानाचा हिशेब चुकला नसेल तर सामान्य घोडा असामान्य वेळ देऊ शकत नाही. पण मंद वेळेने काहीच सिद्ध होत नाही. या नियमाचं सगळ्यात गमतीदार उदाहरण इंग्लिश डर्बीच्या विक्रमात आहे. १९३६ साली ती महमूद नावाच्या करड्या घोड्याने जिंकली. मालक तिसरे आगाखान, म्हणजे पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारेच. वेळ २ मिनिटं ३३.८ सेकंद, तीन वर्षांपूर्वी हायपेरियनने केलेला २ मिनिटं ३४ चा विक्रम त्याने मोडला. एप्सम त्या दिवशी कोरडं, टणक होतं. हा विक्रम एकोणसाठ वर्षं टिकला. १९९५ मध्ये लॅमटाराने २ मिनिटं ३२.३१ ची वेळ दिली आणि २०१० मध्ये वर्कफोर्सने २ मिनिटं ३१.३३.

आता १९८१ पाहा. शेरगर दहा लेंथांनी जिंकला. डर्बीच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं अंतर, आणि तेही शेवटी जॉकीने त्याला जोर लावायला लावला नसताना. त्याची वेळ? २ मिनिटं ४४.२१. महमूदपेक्षा दहा सेकंदांहून अधिक मंद. मैदान ओलसर होतं. नुसत्या घड्याळावर जाणाऱ्याने शेरगरला चांगल्यापैकी घोडा म्हणून सोडून दिलं असतं आणि महमूदला सर्वकाळचा राजा ठरवलं असतं. दोन्ही निकाल हास्यास्पद आहेत. शिवाय महमूदची वेळ हातातल्या घड्याळाने सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत मोजलेली. विजेवर चालणाऱ्या घड्याळांच्या शेजारी ती मांडताना तेवढीही सूट द्यायला हवी.

मैदान मऊ असल्याचा दुसरा परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. ब्रिटनमध्ये दोन घोड्यांमधलं अंतर फितीने मोजत नाहीत. पोस्टवर दोघांच्या वेळांत किती फरक पडला ते पाहून त्याच्या लेंथ करतात. चांगल्या मैदानावर सपाट शर्यतीत एका सेकंदाच्या सहा लेंथ धरतात, सॉफ्ट-हेवीवर पाच. म्हणजे निकालातले ‘तीन लेंथ’ हे शब्दसुद्धा अधिकाऱ्याने जाहीर केलेल्या गोइंगवर अवलंबून असतात. ते चुकीचं जाहीर झालं तर घोड्यांमधली अंतरंही किंचित चुकतात, आणि ती अंतरं घेऊन जो हँडिकॅप, म्हणजे घोड्यावर लादायच्या वजनाचा हिशेब, ठरतो तोही.

हिशेबात सगळ्यात जास्त घोळ घालते ती फॉल्स रेल. आतल्या कडेची हिरवळ तुडवली गेली की ती वाचवायला कठडा काही मीटर बाहेर घेतात. वळण अर्धवर्तुळाचं असेल आणि कठडा तीन मीटर बाहेर आला, तर घोड्याला तीन गुणिले पाय, म्हणजे साडेनऊ मीटर जास्त पळावं लागतं. ताशी साठ किलोमीटरच्या घरातल्या वेगाला हे अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त होतं. वरच्या उदाहरणात १६०० मीटरमध्ये मैदानाने खाल्लेला वेळ सगळा मिळून २.४ सेकंद होता. त्यातला पाव हिस्सा मातीचा नसून भूमितीचा असू शकतो. स्टार्टिंग गेट तेवढं पुढे घेतलं असेल तर प्रश्न मिटला, नाहीतर वळणाच्या शर्यती मैदान जड सांगतात आणि सरळ पट्ट्यातल्या सांगतात हलकं, आणि आपण पावसाला दोष देत बसतो. रेसकार्डावर पेनेट्रोमीटरच्या शेजारीच फॉल्स रेलचा आकडा असतो. बहुतेक जण पहिला वाचतात आणि दुसरा सोडून देतात.

सरळ पट्टा आणि वळणाचा भाग यांचा निचरा सारखा नसतो, ही गोष्ट वेगळीच. इंग्लंडात एस्कॉटला दोन्ही भागांची गोइंग अनेकदा निरनिराळी जाहीर होते. अशा ठिकाणी दिवसाचा एकच आकडा काढणं म्हणजे दोन मैदानांची सरमिसळ. वाऱ्याचंही तसंच. वळणाच्या शर्यतीत समोरून येणारा वारा निदान काही वेळ पाठीशी तरी येतो. सरळ हजार मीटरला तो अखेरपर्यंत समोरच. आणि पाऊस मधेच आला तर दिवसाचे दोन तुकडे करून दोन आकडे काढावे लागतात, मग प्रत्येक आकड्यामागे तीन-चारच शर्यती उरतात.

जुन्नर-आंबेगावकडच्या घाटात बैलगाडे एकामागून एक सुटतात आणि सेकंदांवर नंबर लागतात. तिथे सकाळच्या आणि दुपारच्या गाड्यांना घाट सारखाच मिळाला का, यावर बक्षीस ठरतं. घोड्यांच्या शर्यतीत तसं नाही. सगळे एकाच वेळी पळतात, पहिला तो पहिला, वेळ काहीही असो. म्हणूनच रेसच्या घड्याळाकडे मालक फारसे बघत नाहीत आणि अभ्यास करणाऱ्याला त्यात जागा सापडते.

हा आकडा हातात आला की त्याचा खरा उपयोग मागे वळून करायचा असतो. घोड्याच्या कागदावर लिहिलेलं असतं: ‘सॉफ्टवर दोनदा जिंकला’. ते दोन्ही दिवस घड्याळाच्या हिशेबाने खरंच सॉफ्ट होते का ते बघायचं. पुष्कळदा एक तसा निघतो आणि एक गुड असतो. गुडघे उंच उचलून, गोल झोकात पळणारा, मोठ्या खुरांचा घोडा चिखलात इतरांपेक्षा कमी गमावतो. जमिनीलगत लांब झेपा टाकणारा हलका घोडा जास्त गमावतो. ०.३ हा सगळ्यांचा मिळून आकडा आहे, प्रत्येकाचा नाही. ऑर्फेव्र ज्या जपानी हिरवळीवर वाढला तिथे २०१८ च्या जपान कपमध्ये आल्मंड आय या घोडीने २४०० मीटर २ मिनिटं २०.६ सेकंदांत काढले. लाँशांच्या हेवी मैदानात तो जवळजवळ जिंकलाच होता, हे त्याचं मोठेपण. पण त्याच्या जपानमधल्या वेळा पाहून त्या दिवशी तो किती सेकंद घेईल हे कोणीच सांगू शकलं नसतं.

आता अनेक देशांत खोगिराखालच्या कापडात चिप बसवतात आणि दर दोनशे मीटरची वेळ प्रत्येक घोड्याची वेगळी मिळते. त्यामुळे रमतगमत काढलेली शर्यत पहिल्या झटक्यात ओळखू येते आणि ती टाकून न देता तिच्यातला खरा पळालेला भाग वापरता येतो. फॉल्स रेलचं जास्तीचं अंतरही मोजता येतं, कारण घोडा प्रत्यक्ष किती मीटर पळाला हे कळतं. वाऱ्यावर अजून कोणाचा इलाज चाललेला नाही. सहा शर्यतींच्या दिवशी, त्यातल्या दोन मंद आणि एक वाऱ्यातली निघाली, तर जुन्या माणसांसारखंच करावं लागतं: उरलेल्या तीन शर्यतींतले विजेते कोण होते, ते त्याआधी आणि त्यानंतर कसे पळाले, हे महिनाभर थांबून पाहायचं आणि मग त्या दिवसाच्या आकड्यावर पेन्सिलीने दुरुस्ती करायची.